रबरी टोपी

काळी, रबराची, बकरीच्या लेंडीएवढी... दादाच्या तळहातावर ती पडली होती आणि दादा ती अंगठ्यानं इकडून तिकडं लोळवत होता. एका बाजूनं बंद, दुसऱ्या बाजूनं उघडी. करुणानं चहाची कपबशी त्याच्यापुढं धरली, त्यानं ती घेतली नाही, आणि तीही तशीच धरून उभी राहिली, कारण तिची नजर त्या टोपीवरून निघेना. एवढीशी वस्तू अकोल्याहून मागवावी लागली, हिंगोली जिल्हा झाला तरी तिथल्या दुकानात मिळत नाही, असं दादा सांगत होता. सांगत होता तिच्या नवऱ्याला, शुद्धोधनला, जो शेडच्या सावलीत बाजेवर पाय लांब करून बसला होता आणि ऐकत नव्हता. ऐकत नसताना तो फार चांगला दिसतो. डोळे अर्धे मिटलेले, हात पोटावर, चेहऱ्यावर सगळ्या जगाला माफ केल्याचा भाव. लग्न ठरलं तेव्हा हाच चेहरा बघून माय म्हणाली होती की पोरगं शांत आहे. ते खरंच होतं. आवाज चढवून बोलल्याचं करुणाला एकदाही आठवत नव्हतं, आणि हे कुणाला सांगायला जावं तर ती त्याची तारीफच झाली असती.

"पाहुणे, ह्या टोपीपायी तुमची गाडी बोंबलून राहिली होती," दादा म्हणाला.

पाहुण्यांनी हं केलं.

कनेरगाव नाक्यावर, ढाब्यांच्या रांगेत शेवटी, दादाचं, रत्नपालचं, गॅरेज होतं. वर पत्रे, खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन, आणि मागं दोन खोल्यांचं घर. आधी इथंच त्यांच्या बापाचं, जळबाचं, सायकलचं दुकान होतं. मायच्या, पद्माबाईच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून करुणा पोरीला, राणीला, घेऊन आली होती. पट्टी अजून सुटली नव्हती, पण शुद्धोधन आज न्यायला आला होता. शिरड शहापूरला तो लाइनमन. पर्मनंट नोकरी. नाक्यावरचे लोक त्याच्याशी बोलताना आपोआप जरा पुढं झुकत, आणि दादाही झुकायचा, हातात पान्हा असला तरी.

त्याची गाडी सकाळी करुणाला सगळ्यांच्या आधी ऐकू आली होती. ती परातीत पीठ मळत होती. ट्रक जात होते, ढाब्यावर गाणी वाजत होती, आणि त्या सगळ्यातून तो एक आवाज, वळणावर मूठ सोडल्यावरही खाली न उतरणारा, वरच्या पट्टीत अडकून बसलेला... तिचे हात थांबले नाहीत. हात थांबवायचे नसतात, हे हातांना आता शिकवावं लागत नाही. अंगणात राणी बेअरिंगच्या जुन्या छर्‍यांशी खेळत होती. ती उठली, छर्रे तिथंच टाकले, आत आली आणि ज्वारीच्या कोठीमागं जाऊन बसली. वहिनी हसली. म्हणाली, बघा, पोरगी बापाला लाजते.

दादा आता खाली बसून समजावत होता, आणि पाहुणे ऐकत नाहीत म्हटल्यावर त्यानं आपला मोर्चा बहिणीकडं वळवला, कारण दादाला कुणीतरी लागतंच. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या पाइपाला एक बारीक नळी असते. आतली ओढ मोजायला कंपनीनं ती ठेवलेली; पण मोजायचं यंत्र नाक्यावर कुणाकडं असणार, म्हणून तिच्या तोंडावर जन्मभराची टोपी. टोपी चिरली की इंजिन तिथून चोरून हवा ओढतं, आणि मूठ सोडली तरी रेस उतरत नाही. एप्रिलात जयंतीला ही दोघं आली होती तेव्हा मूळची टोपी येतानाच वाटेत कुठंतरी पडलेली निघाली. दादानं सायकलच्या व्हॉलवर चढवतात त्या रबरी नळीचा तुकडा कापला, एक तोंड दोऱ्यानं गच्च बांधलं आणि दिला चढवून. चार-आठ दिवसांची सोय म्हणून. तो तुकडा उन्हानं आणि पेट्रोलनं कधीच चिरला होता. मधे उन्हाळा गेला, पावसाळा गेला, सोयाबीन काढणीला आलं. "माझीच चूक," दादा म्हणाला, आणि तो चिरलेला तुकडा त्यानं रॉकेलच्या डब्याशेजारी टाकला.

चूक. करुणा त्या तुकड्याकडं बघत राहिली. दादानं तिला लग्नात कपाट दिलं होतं, पितळी घागर दिली होती, भाऊ म्हणून जे द्यायचं ते हौसेनं दिलं होतं. पण त्यानं तिला दिलेली खरी कामाची वस्तू म्हणजे ही चीर होती, आणि ती त्यानं चुकून दिली होती.

शिरडचं घर रस्त्यापासून आत. लाइनमनच्या येण्याला वेळ नसते — कुठं तार तुटली, कुठं डीपी उडाला, कुठं शेतकरी मोटारीसाठी अडून बसले — त्याची वेळ त्यालाही ठाऊक नसायची. चीर पडायच्या आधीचे दिवस... तेव्हा तो पिठाच्या गिरणीजवळच्या उतारावर गाडी बंद करायचा आणि नुसती घरंगळत आणायचा. पेट्रोल वाचतं म्हणायचा. मग दारात उभा. किती वेळ उभा आहे ते कळायचं नाही. तिला आधी सावली दिसायची, किंवा तेही नाही, नुसतं पाठीला काहीतरी कळायचं, आणि वळून बघावं तर तो चौकटीला टेकून बघत असायचा, याच शांत चेहऱ्यानं. काय चाललंय, एवढंच विचारायचा. शेजारच्या शालूबाईशी हसत असली तर ते. पाय लांब करून बसली असली तर ते. दुपारी राणीला कुशीत घेऊन डोळा लागला असला तर ते. आणि एकदा ती सारखी कामच करत होती तर म्हणाला होता, मी येणार हे तुला कुणी सांगितलं? त्याला तिला पकडायचं होतं. काय करताना पकडायचं होतं हे बहुतेक त्यालाही माहीत नव्हतं, त्यामुळं ती कधी सुटायची नाही.

करंगळीचं त्या दिवसांतलंच. ती पेरू खात होती. राणीसाठी आणलेला पेरू, अर्धा. त्यानं दाराशेजारच्या खिळ्यावरची पक्कड काढली — लाल मुठींची, तारांच्या कामाची — तिच्याजवळ बसला, तिचा हात आपल्या हातात घेतला, आणि करंगळीचं नख पकडीत धरून हळूहळू दाबत गेला. ओरडायचं नाही, म्हणाला. राणी झोपलीय.

ती ओरडली नाही. राणी झोपलेली नव्हती.

आणि मग चीर पडली. आधी तिच्या लक्षातही आलं नाही. मग एका दुपारी तिला कळलं की गिरणीच्या वळणावर सगळ्यांच्या गाड्या खाली बसतात आणि एक गाडी बसत नाही, एक गाडी रडत राहते, आणि त्यानंतर थोड्या वेळानं तो दारात येतो. थोडा वेळ. शालूबाईला मागच्या दारानं काढायला तो पुरतो. राणीला पाटी घेऊन बसवायला पुरतो. चुलीवर काहीतरी चढवायला, पदर नीट करायला. चेहरा तयार करायलासुद्धा तेवढा वेळ पुरतो. तो दारात येई तेव्हा सगळं जागच्या जागी असायचं आणि त्याला पकडायला काही सापडायचं नाही. मग तो थोडा वेळ उभा राहायचा, आणि जेवायला वाढ म्हणायचा. तो काही बदलला नव्हता. तो फक्त कंटाळला होता. पण कंटाळलेला माणूस कमी मारतो. पोळ्याला मायला त्यानं निरोप पाठवला, तुमची पोरगी आता सुधरली. तिनं तो निरोप मनात कितीदा ऐकला होता आणि दर वेळी तिला हसू आलं होतं... एकटीला, न्हाणीत, पाणी ओतत.

त्याला गाडीतलं काही कळत नव्हतं. वाजते तर वाजू दे, असा माणूस. आज दादाला हौस आली नसती तर ती वाजतच राहिली असती.

दादानं टोपी जिभेवर ठेवून ओली केली. तेल लावायचं नाही, तेलानं रबर फुगतं, थुंकीच. मग बोटाच्या टोकावर घेऊन नळीच्या तोंडाशी टेकवली, किंचित फिरवली, दाबली. काढतानाही तसंच, उभी ओढायची नाही, आधी फिरवायची, मग सुटते. हे करुणाला लहानपणापासून येत होतं. बापाच्या दुकानात व्हॉलच्या रबरी नळ्या चढवायचं काम तिचंच असे, तिची बोटं बारीक म्हणून. दादानं किक मारली. गाडी चालू झाली आणि... काही झालं नाही. म्हणजे मूठ पिळली की गुरगुरली, सोडली की गप्प बसली. दादानं पुन्हा पिळली, पुन्हा सोडली. पुन्हा गप्प. तो बहिणीकडं बघून हसला, लहानपणी पतंग चढल्यावर हसायचा तसाच.

"हे लई वाईट असतं," तो म्हणाला. "टोपी पार निघाली ना, तर पुलाच्या तोंडाशी माणूस मूठ सोडतो आन् गाडी त्याचं ऐकतच न्हाई."

शुद्धोधननं डोळे उघडले. त्याला उठवलं ते गप्प झालेल्या आवाजानं. तो उठला, टाकी बसवेपर्यंत जवळ उभा राहिला, पहिल्यांदाच गाडीकडं नीट बघत, आणि मग म्हणाला, बघू चक्कर मारून. नाक्याकडं गेला. करुणा चुलीकडं गेली, जावयाला मटण होतं, वहिनी कांदा परतत होती, आणि करुणाचं कान लावून बसणं सुरू झालं. ट्रक. जीप. पुन्हा ट्रक. भीमसिंगच्या ढाब्यावरचं गाणं. एक गाडी येऊन थांबली, ती दुसऱ्याची. अंगणात राणी पाठमोरी बसून छर्रे एका ओळीत ठेवत होती, तोंडानं काहीतरी पुटपुटत. आणि तिच्या मागं, हातभर अंतरावर, शुद्धोधन गाडीवर बसलेला होता. पाय जमिनीला लावून. कधी आला? गाडी चालू होती, चाकाची सावली राणीच्या पाठीवर पडली होती, आणि पोर मागं वळत नव्हतं.

करुणा उंबऱ्यापर्यंत आली. ती तिथंच राहिली. तो वाकला आणि दोन बोटं त्यानं राणीच्या मानेवर ठेवली.

राणी ओरडली नाही. बसल्या जागीच ताठ झाली, आणि तिच्या झग्याखालची माती हळूहळू काळी होत गेली. भेली रे भेली, वहिनी दारातून हसत म्हणाली, दादाही हसला, मायनं पट्टीखालून विचारलं की काय झालं, तर कुणीतरी सांगितलं, काही नाही, बापानं गंमत केली. शुद्धोधन गाडी बंद करून उतरला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमगल्याचा आनंद होता, खेळणं परत सापडल्याचा. मस्त झाली गाडी, तो दादाला म्हणाला. कळतसुद्धा नाही.

दादाला किती बरं वाटलं ते त्याच्या मानेच्या मागच्या बाजूवरूनही दिसत होतं.

जेवायला पुरुष आधी बसले. करुणानं वाढलं, पुन्हा वाढलं, पाणी आणते म्हणाली आणि घागर घेऊन शेडमधून गेली. शेडमधे कुणी नव्हतं. ती गाडीजवळ उकिडवी बसली. इंजिन अजून कोमट होतं, जनावरासारखं. हात आपोआप पाइपामागं गेला आणि त्या नव्या टोपीला लागला. नख तिच्या कडेखाली गेलं — करंगळीचं नाही, ते अजून अर्धंच आलंय — अंगठ्याचं. फिरवली. सुटली. काय सोपं होतं. रॉकेलच्या डब्याशेजारचा चिरलेला तुकडा तिनं उचलला, जिभेवर ठेवला. रबराची, धुळीची, रॉकेलची चव. चढवला. नवी टोपी पदराच्या टोकाला गाठीत बांधली आणि घागर उचलली तेव्हा तिला असं वाटलं की आपण गावात परत सगळ्यांशी बोलू शकतो, शालूबाईला हाक मारू शकतो, दुपारी झोपू शकतो. पाण्याला जाताना ती चक्क गुणगुणली. असं कधीपासून झालं नव्हतं.

मी चोर आहे, तिनं मनात म्हटलं, आणि ते शब्द तिला आवडले.

पण दादा दादा होता. जेवून शुद्धोधन पान खायला ढाब्याकडं गेला आणि निघायच्या आधी एकदा शेवटचं बघावं म्हणून दादानं किक मारली. गाडी रडायला लागली. दादानं मूठ पिळली, सोडली. रेस वरच राहिली. कोठीमागं काहीतरी हललं, राणी तिथं गेली होती. दादानं गाडी बंद केली, खाली बसला, बोट घातलं, आणि बोटाला तो चिरलेला तुकडा लागला. मग त्यानं वर बघितलं. कुणी काढली असं त्यानं विचारलं नाही. तिच्या अंगठ्याच्या नखात काळं होतं.

"असू दे ना, दादा. तसंच असू दे."

"काहून?"

काहून. आता सांगायचं, नाहीतर कधीच नाही, असं तिला वाटलं, आणि सांगायला गेली तर सगळी वर्षं मिळून एवढंच निघालं:

"आवाज येतो. ते येऊन राहिले हे कळतं मला."

तिला वाटलं होतं तो पुढं विचारेल. येऊन राहिले तर काय, असं. निदान समजलं नाही असं तोंड करेल. त्यानं तिच्या चेहऱ्याकडं बघितलंच नाही. त्याची नजर सरळ तिच्या डाव्या करंगळीवर गेली, पत्ता माहीत असलेल्या माणसासारखी. अर्धं आलेलं नख, आणि खालच्या अर्ध्यावर अजून राहिलेल्या आडव्या रेघा, एकीखाली एक, अगदी सारख्या अंतरावर.

आणि मग तिला आठवलं... आठवलं म्हणजे काय, ते तिथंच होतं, तिनं कधी उलटून बघितलं नव्हतं. जयंतीला आली होती तेव्हा हे बोट काळंनिळं होतं. दादानं तिचा हात धरून शेडच्या बाहेर उजेडात नेला होता, बोट इकडून तिकडून फिरवून बघितलं होतं, बराच वेळ. हाच दादा, जो गिऱ्हाइकावर डाफरायचा की पितळेच्या जेटला पक्कड लावू नका, दात उमटतात, जन्मभर जात नाहीत. हाच दादा, जो चेंबलेल्या नटाकडं बघून सांगायचा की ह्यावर कुठलं हत्यार चाललंय. त्यानं बोट बघितलं होतं आणि विचारलं होतं, दारात सापडलं का? तिनं हो म्हटलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत ती समजत होती की आपण दादाला फसवलं. त्याचं तिला वाईट वाटायचं. आणि खोटं तर त्यानंच तयार करून तिच्या हातात दिलं होतं, तिनं नुसतं हो म्हणायचं होतं.

"दे," दादा म्हणाला. हात पुढं केला.

तिनं पदराची गाठ सोडली नाही.

"माय सध्या आंधळी हाय," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "तुझ्या वहिनीला दिवस गेलेत. उद्या पुलावर पाहुण्याचं काही झालं तर लोक मला विचारतील. गाडी माझ्या हातची हाय, करुणा."

गाडी माझ्या हातची हाय. वाक्य अगदी साधं होतं. तिनं गाठ सोडली. त्यानं टोपी घेतली, जिभेवर ओली केली, चढवली. आणि मग त्यानं ते केलं जे तो कुणाच्याच गाडीला करत नसे. खोक्यातून बारीक तार काढली, टोपीभोवती दोन वेढे घातले, तारेची दोन्ही टोकं एकत्र धरली, आणि पक्कड घेतली. पकडीनं तार पिळत गेला. एक पीळ, अजून एक, रबरात तार रुतेपर्यंत, कुठल्याही नखानं निघणार नाही इतकी. करुणा बघत होती. तिची करंगळी आपोआप मुठीत गेली.

पाठीमागून शुद्धोधनचा आवाज आला, पानानं भरलेला. "तार कशाला?"

दादा दचकला. दचकलेल्या माणसाच्या तोंडून जे पहिलं निघतं ते निघालं.

"काही न्हाई, पाहुणे. लेकराचे हात लागतात. राणी काढते टोपी."

"राणी?"

"लेकरूच हाय," दादा हसला.

"असं का," शुद्धोधन म्हणाला, आणि कोठी ज्या खोलीत होती तिकडं बघत पान चावत राहिला. चेहरा तोच, शांत. फक्त त्याच्या गालात काहीतरी खुललं होतं. गाडीनं दिलं त्याहून जास्त दादानं त्याला देऊन टाकलं होतं.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मीच काढली. तीन शब्द नाहीत, दोनच. करुणाला ते जिभेवर जाणवले, रबराच्या चवीसारखे. ती त्यांच्याकडं बघत उभी राहिली आणि ते तिनं गिळले. का गिळले? दादाला खोटं पाडायचं नव्हतं म्हणून? छे. दादाचं काय राहिलं होतं पाडायला. मी भ्याले. मला वाटलं, आज माझी करंगळी नाही. एवढंच वाटलं, एका श्वासापुरतं, आणि त्या श्वासात बरं वाटलं... मी आई आहे आणि मला बरं वाटलं. दादानं खोटं तयार करून दिलं आणि मी पुन्हा एकदा नुसतं हो म्हटलं.

निघताना मायनं चाचपडत तिच्या तोंडावरून हात फिरवला, म्हणाली, माहेरी किती दिवस राहावं माणसानं, सुखानं जा. दादानं उरलेल्या दोन टोप्या कागदात बांधून शुद्धोधनच्या खिशात घातल्या, राहू द्या जवळ म्हणून. वहिनीनं राणीला कोठीमागून ओढून काढली आणि टाकीवर बसवली. गाडी निघाली तेव्हा कुणाला कळलंही नाही.

रस्ता गुळगुळीत नव्हता, पण गाडी गुळगुळीत होती. पूर्वी या गाडीवर बोलता यायचं नाही, आवाजात सगळं बुडायचं, आणि करुणाला ते बरं वाटे. आज दोन्ही बाजूंना हळदीची रानं गप्प उभी होती आणि आपल्याच बांगड्या तिला ऐकू येत होत्या. हिंगोली आली, गेली. बाजारातल्या हळदीचा वास कपड्यांत भरला. गाव मागं पडल्यावर शुद्धोधन बोलला. मान न वळवता, पुढं बसलेल्या पोरीच्या डोक्यावरून, मायेनं.

"राणी, कोणत्या बोटानं काढली गं?"

राणीला काय काढली ते माहीत नव्हतं. तिनं आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं, आणि दोन्ही मुठी मिटून पोटाशी घेतल्या. तिला एवढंच येत होतं.

"दाखव की," तो म्हणाला. उजवा हात गाडीच्या मुठीवर ठेवून त्यानं डावा हात सोडला आणि चालत्या गाडीवर राणीची एक मूठ उघडायला लागला. घाई नाही. एक बोट, मग दुसरं, शेंग सोलतात तसं. करुणाला त्याच्या खांद्यावरून ते सगळं दिसत होतं.

"मी काढली," ती म्हणाली.

आवाज बारीक निघाला, पण गाडी गप्प होती. त्याला ऐकू गेलं असणार. तो हसला. त्याचा खांदा तिच्या हाताखाली हलला.

"तू तिला वाचवून राहिली," तो म्हणाला. "चांगलं आहे. घरी गेल्यावर बघू."

खरं बोलायलाही उशीर होतो, हे तिला आज कळत होतं. भीती यायला हवी होती. करुणा नेहमीच्या जागी, पोटाच्या वरच्या अंगाला, तिची वाट बघत बसली, बाळंतीण कळेची वाट बघते तशी, आणि भीती आली नाही. आत सगळं थांबलं होतं. कानसुद्धा थांबले होते. किती दिवस झाले, झोपेतही तिचे कान रस्त्यावर असायचे, आणि आता ऐकण्यासारखं काही उरलंच नाही म्हटल्यावर ते घरी परतल्यासारखे गप्प बसले. त्या रिकाम्या जागेत तिला दाराशेजारचा खिळा दिसला. खिळ्यावरची पक्कड दिसली, लाल मुठींची. आजवर ती पक्कड आठवली की तिला तिचे दात आठवायचे. आज मुठी आठवल्या. त्या आपल्या हातात कशा बसतील ते. बारीक बोटांना जरा मोठ्या होतील, दोन्ही हात लावावे लागतील. दादानं तार उजवीकडं पिळली होती. म्हणजे डावीकडं उलगडेल, किंवा सरळ तुटेल. मग नख, आणि किंचित फिरवायचं, उभं ओढायचं नाही. आणि मग परत काही चढवायचं नाही. चिरलेला तुकडाही नाही. नळी उघडीच ठेवायची... रोज तो एकटाच जातो. सकाळी, राणी झोपलेली असताना.

कयाधूचा पूल आला. उताराच्या तोंडाशी शुद्धोधननं मूठ सोडली आणि गाडी लगेच खाली बसली, आज्ञाधारक. करुणानं तिचा हात त्याच्या खांद्यावर होता तिथंच ठेवला, जरासुद्धा न दाबता, आणि तो नेमका कुठं मूठ सोडतो ते बघून ठेवलं. कठड्याचा पहिला खांब, त्याला पांढरा पट्टा, शेजारी बाभूळ. पुढच्या वळणावरही तिनं बघितलं. मग त्याच्या पुढच्या.

"काय बघतेस?" त्यानं विचारलं.

"काही नाही. रस्ता," ती म्हणाली.